मागून वाजवलेला टाळ

तेजल वर्षाची होईपर्यंत तिनं पंधरा-सोळा कीर्तनं ऐकली, असं मी भेटेल त्याला सांगायचो. ऐकली, हा शब्द माझाच.

अंबडला कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशीनच्या गोंगाटात, बत्तीस वर्षं काढून मी रिटायर झालो आणि त्यानंतर एकादशीचं एकही कीर्तन चुकवलं नाही. आमच्या कॉलनीतल्या विठ्ठल मंदिरात मी महाराजांच्या मागे टाळकऱ्यांत उभा राहतो. नात पाच महिन्यांची झाली तसं माझी बायको कुसाबाई तिला मांडीवर घेऊन बायकांच्या पहिल्या रांगेत बसायला लागली. दोन-दोन तास. बाकीची पोरं किरकिर करायची, त्यांच्या आयांना उठून बाहेर जावं लागायचं. आमची तेजल हूं की चूं करायची नाही. डोळे मोठे करून पखवाजवाल्याच्या हातांकडे बघत बसायची. गजर सुरू झाला, सगळ्यांचे हात वर गेले, की तीही इवलेसे हात एकमेकांवर आपटायची.

एकदा महाराजांनी निरूपण थांबवून तिच्याकडे बोट केलं. "मौन साधायला ऋषी डोंगरात गेले. या माउलीनं ते आजीच्या मांडीवरच साधलंय." सगळा मंडप हसला, बायकांनी कानशिलावर बोटं मोडली. त्या दिवसापासून पोरीचं नाव मौनीबाबा पडलं. येता-जाता लोक तिच्या पायाला हात लावायचे. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

सुनेला, भाग्यश्रीला, ते नाव आवडलं नाही.

तेजल नऊ महिन्यांची होती. भाग्यश्री दुपारी माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली की पोरगी आधी अगू-अगू करायची, आवाज काढायची, ते आता कमी झालंय. वाढायला हवं होतं. तिच्या मैत्रिणीचा मुलगा बा-बा, दा-दा करतो, हाक मारली की वळून बघतो. ही मात्र आई समोर आली तरच हसते. मी म्हणालो, अगं, तुझा नवरा शेखर अडीच वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, आता बघ, गप्प बसवावं लागतं. कुसाबाई मेथी निवडत होती, तिनंही तोंड घातलं. "पोरगी शांत हाय तर हिला बोचतंय. रडकी असती म्हंजे सुखात राहिली असती."

शेखरला विचारलं तर तो म्हणाला, बाबा काय म्हणतात? बाबा म्हणाले ठीक आहे. झालं, घरात विषय मिटला.

भाग्यश्रीचा मिटला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "बाबा, तुमचा टाळ घ्या आणि तिच्या मागे उभं राहून एकदा वाजवा. समोरून नको. तुम्ही तिला दिसायला नको."

टाळ आम्ही आधी कपाळाला लावतो, मग हातात घेतो. देवापुढे वाजवायची वस्तू, ती पोरीचे कान तपासायला वापरायची? मी जरा चढ्या आवाजातच बोललो, टाळ काय प्रयोगाला असतो का म्हणून. ती उठून आत गेली. स्वयंपाकघरात परात खाली पडल्याचा, की टाकल्याचा, मोठा आवाज झाला. तेजल माझ्या पायाशी डब्याचं झाकण चाटत होती. तिनं मान वर केली नाही. मी म्हटलं, खेळात दंग आहे.

पण मनात काहीतरी सलत राहिलं. चार दिवसांनी सासू-सुना दोघी भाजी आणायला गेल्या आणि तेजल माझ्यापाशी राहिली. ती सतरंजीवर दाराकडे तोंड करून बसली होती. मी टाळ काढला, कपाळाला लावला, पांडुरंगाची क्षमा मागितली. तिच्या मागे हातभर अंतरावर उभा राहिलो आणि एक ठोका दिला.

बंद खोलीत टाळ वाजला की स्वतःच्या कानात किती वेळ घुमत राहतो, ते वाजवणाऱ्याला माहीत असतं. तेजल खेळत होती. मी पुन्हा वाजवला. तिसऱ्यांदा वाजवला तेव्हा शेजारच्या विमलाबाई दारात आल्या आणि आज घरीच भजन का म्हणून विचारू लागल्या. मी हो म्हणालो.

त्या गेल्यावर मी तेजलच्या समोर जाऊन बसलो. हातात टाळ दिसला तशी ती हसली आणि टाळ्या पिटायला लागली.

हे मी कुणाला सांगितलं नाही. पाच महिने. कंपनीत दरवर्षी मलाच काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावत, ऐकू आलं की बटण दाबा म्हणत. अशी तपासणी असते हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी मी गप्प. काय सांगू, लोक तिच्या पाया पडत होते. मी रोज काकड्याला जाऊन एकच मागणं मागत होतो आणि पुढच्या एकादशीला फरक दिसेल म्हणून वाट बघत होतो. दिसलं ते भलतंच. टाळ वाजवता वाजवता मी तिच्याकडेच बघायचो. तिची टाळी आमच्या टाळीनंतर पडायची. किंचित नंतर. आधी हात बघायची, मग वाजवायची.

शेवटी एका कीर्तनानंतर, प्रसाद वाटप चालू असताना, पोरीला ऐकू येत नसावं, असं मी महाराजांच्या कानावर घातलं. माझी अपेक्षा काय होती ते लपवत नाही. ते म्हणतील, काळजी नको, माउली करून घेईल. महाराजांनी डोक्यावरचा फेटा उतरवून मांडीवर ठेवला. "मी कीर्तनकार माणूस. गोड वाटलं ते बोललो. तुम्ही त्याला डॉक्टरचा दाखला समजलात?" आणि मग हळू आवाजात म्हणाले, "उद्याच जा. माझ्या वाक्यापायी थांबला असाल तर ते पाप माझ्या माथी."

टाळाचं मी त्यांनाही सांगितलं नव्हतं. घरीही एवढंच म्हणालो की महाराज म्हणतात एकदा दाखवून आणा. भाग्यश्रीनं त्याच दिवशी फोन करून गंगापूर रोडच्या कानाच्या दवाखान्यात वेळ घेतली. नंबर तिच्याकडे आधीपासूनच होता.

तपासणी पोर झोपलेलं असताना होते, म्हणून पहाटेपासून तिनं तेजलला जागं ठेवलं होतं. दवाखान्यात पोरगी लगेच झोपली. कपाळाला आणि कानामागे चिकटपट्टीनं वायरी लावल्या. मशीन कानात टकटक आवाज सोडत होतं आणि समोरच्या पडद्यावर रेघा सरकत होत्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी मी डोळे काढले नाहीत.

तासाभरानं तपासणाऱ्या मॅडमनी आम्हाला बसवलं. तिशीच्या आतली मुलगी. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, म्हणाल्या, आणि बहुतेक जन्मापासूनच. मग त्यांनी एक फॉर्म पुढे ओढला. त्यात एक प्रश्न होता, घरच्यांना पहिली शंका केव्हा आली.

"आत्ताच," भाग्यश्री म्हणाली. "महिना झाला असेल."

ती माझ्याकडे बघत नव्हती. शेखर शेजारी बसला होता.

"नाही," मी म्हणालो. "हिला नवव्या महिन्यात आली. मला त्यानंतर चार-पाच दिवसांनी. मी मागून टाळ वाजवून बघितला होता."

शेखरनं मान वळवली. भाग्यश्रीनं वळवली नाही. तिच्या मांडीवर तेजल झोपलेली होती, तिचं झबलं ती सारखं करत राहिली. मॅडमनी फॉर्मवर लिहिलं, नऊ महिने. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर निदान मान खाली घालायला मला निमित्त मिळालं असतं.

मी विचारलं, तेव्हाच आलो असतो तर किती फरक पडला असता. त्या म्हणाल्या, पडला असता. किती, ते मोजून सांगता येत नाही. भाषा रुजण्याचे पहिले महिने फार महत्त्वाचे असतात. आता श्रवणयंत्र लावू, मग ऑपरेशनचा विचार करू. ती किती बोलेल, हे त्या आज सांगू शकत नव्हत्या. घरी मात्र बोलणं थांबवायचं नाही. उजेडात, तिच्यासमोर तोंड आणून, सारखं बोलायचं.

शेखर गाडी काढायला खाली गेला. भाग्यश्रीला कागदांवर सह्या करायच्या होत्या. तिनं पोरीला माझ्याकडे दिलं. तेजल जागी झाली होती, कपाळावर पट्टीचा लाल वळ उमटला होता. मी भाग्यश्रीकडे बघत होतो. तिनं एक शब्द तरी टाकून बोलावा, असं मला वाटत होतं.

"माझ्याकडे नको, बाबा," ती म्हणाली. "तिच्याकडे बघा. बोला तिच्याशी. मॅडम म्हणाल्या ना."

मी खिडकीच्या उजेडात गेलो. तेजलनं माझ्या हनुवटीवर हात ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तोंड उघडलं. पोरगी वाट बघत होती.