बटण्याला बाहेर कोण नेणार?

पैलवानाने जन्मात कधी कुस्ती खेळली नव्हती. देह तेवढा पैलवानाचा होता. दारातून आत येताना त्याला खांदा तिरका करावा लागायचा, आणि बसमध्ये तो बसला की शेजारच्याला निम्मं बूड बाहेर काढून बसावं लागायचं. बंदरावर सगळे त्याला पैलवान म्हणत. पुढे पुढे बायकोही म्हणायला लागली.

बंदरावर तो क्रेन चालवायचा. वाऱ्याने झुलणाऱ्या त्या उंच केबिनमध्ये नवीन माणूस चढला की त्याला घेरी यायची. पैलवान मात्र तिथे बसून निवांत डबा खायचा आणि खाली पाहत बोटं चाटायचा. हा माणूस कशाला भीत असेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

तो कुत्र्यांना भ्यायचा.

लहानपणी जिन्याच्या वळणावर एका कुत्र्याने त्याला कोपऱ्यात गाठलं होतं. चावलं नाही. ओठ मागे ओढून, दात दाखवत, गुरगुरत नुसतं उभं राहिलं. तो भिंतीला पाठ चिकटवून उभा. वरून कुणी उतरेना, खालून कुणी चढेना. शेवटी कुणीतरी येऊन कुत्र्याला हाकललं तेव्हा त्याची चड्डी ओली झाली होती, आणि खालच्या मजल्यावरच्या मुलांनी ती पाहिली. त्यानंतर या विषयावर त्याने कुणाकडे अवाक्षर काढलं नाही. रस्त्यात समोरून कुत्रं आलं की तो कपाळावर हात मारायचा, काहीतरी विसरल्यासारखं करायचा आणि मागे वळायचा. बायकोला वाटे, नवरा विसराळू आहे.

म्हणून मुलीने पिल्लाचा हट्ट धरला आणि बायकोने विचारलं, "अहो, तुमची काही हरकत नाही ना?" तेव्हा तो म्हणाला, "माझी कसली हरकत?"

पिल्लू आलं ते खोक्यातून. तपकिरी, पोट सुटलेलं, आणि नाक असं की कोटावरून तुटून तिथे चिकटलेलं बटण वाटावं. मुलीने नाव ठेवलं बटण, आणि संध्याकाळपर्यंत त्याचं बटण्या झालं.

बायको हॉस्पिटलात नर्स होती. कामं वाटून देण्याची तिला सवय.

"हे बघा," ती म्हणाली, "झोपून उठला की बाहेर. खाल्लं की बाहेर. खेळून दमला की बाहेर. आणि जमीन हुंगत गोल गोल फिरायला लागला, की हातातलं काम टाकायचं, त्याला उचलायचं आणि मागच्या अंगणात कुंपणापाशी नेऊन ठेवायचं. रोज तीच जागा. त्याच्याजवळ उभं राहायचं. झालं की लगेच शाब्बास म्हणायचं. घरात केलं तर ओरडायचं नाही, मारायचं नाही. पुसून घ्यायचं आणि वर व्हिनेगर मारायचं, म्हणजे वास राहत नाही. माझी सकाळपाळी, हिची शाळा, तुमचं काम दुपारनंतर. दुपारपर्यंत घरी तुम्हीच. तेव्हा सगळं तुमच्यावर आहे."

"उचलायचं?" पैलवानाने विचारलं.

"मग काय क्रेन लावणार?"

मुलगी खो खो हसली. पैलवानही हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गेल्या, दार लागलं, आणि घरात पैलवान आणि बटण्या असे दोघंच उरले. बटण्या टोपलीत झोपला होता. पैलवान स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्याच्या पोटाचं वरखाली होणं बघत राहिला. हे उठलं की आपल्याला त्याला हात लावावा लागणार, या विचारानेच त्याच्या तळहातांना घाम फुटला. पिल्लू उठलं. जांभई दिली. जांभईत सुईसारखे बारीक दात दिसले. मग ते तुरुतुरु त्याच्याकडे धावत आलं, आणि एवढा थोरला माणूस टुणकन स्टुलावर चढला. स्टूल करकरलं. बटण्या खाली गोल गोल फिरला, हुंगला, आणि सोफ्याजवळच्या चटईवर मोकळा झाला.

पैलवान बराच वेळ स्टुलावरच होता.

पुढच्या दिवशी त्याने कामावरचे चामडी हातमोजे आणले. मोजे घालून वाकला. पण पिल्लाने मोज्याचं बोट तोंडात धरून गुरगुरत खेचलं आणि पैलवानाने किंचाळून मोजाच सोडून दिला. मग त्याला झाडूची युक्ती सुचली. मागचं दार उघडायचं, लांब दांड्याच्या झाडूने पिल्लाला हळूहळू बाहेर ढकलायचं, दार लावायचं आणि खिडकीतून पाहायचं. पिल्लू बाहेर कुंपणाकडे फिरकतही नसे. दाराशी बसून ते रडायचं, पायांनी दार खरवडायचं. आत घेतलं की धावत चटईवर जायचं. घरभर व्हिनेगरचा आंबूस वास भरून राहिला. दोघी येण्याआधी पैलवान चटई धुऊन, उलटी करून, उन्हात वाळवून परत टाकायचा.

"काय, कसा आहे आपला विद्यार्थी?" बायको विचारायची.

"हुशार आहे," पैलवान सांगायचा.

पण मुलीच्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नव्हतं. जेवताना ती म्हणाली, "आई, सुट्टीच्या दिवशी बटण्या अगदी शहाण्यासारखा बाहेर करतो. मी शाळेत गेले की त्याला काय होतं? चटई रोज ओली असते."

मग ती पैलवानाकडे वळली. "बाबा, तुम्ही उभे राहता ना त्याच्याजवळ?"

"राहतो की," पैलवान ताटात बघत म्हणाला.

मग ती सकाळ आली. नेहमीप्रमाणे त्याने झाडूने पिल्लाला बाहेर काढलं, दार लावलं, आणि चहाचं आधण ठेवायला वळला. चहा गाळून खिडकीशी आला, तर अंगण रिकामं. मागच्या फाटकाखाली माती उकरलेली दिसली, आणि पलीकडे गल्ली.

पहिल्या क्षणी त्याला सुटल्यासारखं वाटलं. गेलं एकदाचं! दुसऱ्याच क्षणी त्या विचाराची त्याला इतकी शरम वाटली की कप हातातून ओट्यावर आपटला. आणि तेवढ्यात गल्लीतून एक बारीक, चिरकी किंकाळी आली.

त्या गल्लीत एक सुतारखाना होता, आणि सुतारखान्यात एक पिवळी कुत्री. वासराएवढी. तिच्यापायी पैलवान गेली कित्येक वर्षं कामावर लांबच्या रस्त्याने जात होता. बायकोला सांगायचा, चालणं होतं तेवढंच.

तो धावला. मोजे नाहीत, झाडू नाही, पायात घरातल्या सपाता. फाटक उघडून गल्लीत आला खरा, पण सुतारखान्याच्या उघड्या दारापाशी त्याचे पाय जमिनीत रुतल्यासारखे थांबले.

आत, भिंत आणि फळ्यांचा ढीग यांच्या कोपऱ्यात, बटण्या चेपून बसला होता. त्याच्यासमोर ती पिवळी उभी होती. मानेवरचे केस ताठ. ओठ मागे ओढलेले. ती भुंकत नव्हती. तिच्या छातीतून नुसती घरघर येत होती, खोल, न थांबणारी. ती घरघर पैलवानाला ओळखीची होती. ती ऐकली आणि त्याच्या कानांत दडे बसले. हाक मारायला तोंड उघडलं तर जीभ टाळूला चिकटलेली. बटण्याने त्याला पाहिलं. तो ओरडला नाही की धावलाही नाही. नुसता बघत राहिला, आणि त्याच्याखाली भुशात ओल पसरत गेली.

ती ओल पैलवानाने पाहिली. त्याचा एक पाय पुढे सरकला. मग दुसरा. भिंतीला खांदा घासत, तिच्या डोळ्यांत न बघता, तो तिरका तिरका सरकू लागला. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने जोर लावला, आणि घोगऱ्या आवाजात कुत्र्यांशी बोलायचा जो एकच शब्द त्याला शिकवला होता तो बाहेर पडला.

"शाब्बास," तो कुत्रीला म्हणाला. "शाब्बास हं. शाब्बास."

कुत्रीने मान वळवली. आता ती घरघर त्याच्याकडे तोंड करून होती. त्याच्या पाठीवरून घामाचे ओघळ कमरेपर्यंत गेले. पळ, असं त्याचं सगळं अंग ओरडत होतं. तो वाकला. वाकताना मान उघडी पडली आहे, हे त्याला लख्ख जाणवलं. उघड्या हातांनी त्याने पिल्लाला पोटाखालून धरलं आणि छातीशी घेतलं. ते ओलं होतं, गरम होतं, आणि त्याचं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की आपलं कुठलं आणि त्याचं कुठलं हे त्याला कळेना. पोटरीला काहीतरी गार, ओलसर टेकलं. नाक. ती हुंगत होती. पैलवानाने डोळे गच्च मिटले.

"राणी! ए राणी, मागे हो!"

सुतार आतून रंधा हातात घेऊनच आला. त्याने कुत्रीच्या गळ्यातला पट्टा धरून तिला मागे ओढलं.

"काही करत नाही हो ती, पैलवान. फळ्यांच्या मागे तिची पिल्लं आहेत ना, म्हणून घाबरलीय. तुमचं बारकं थेट तिकडेच गेलं." मग त्याने पैलवानाकडे नीट पाहिलं. "बसता का जरा? पाणी देऊ? चेहरा पांढराफटक पडलाय तुमचा."

"नको," पैलवान म्हणाला. "बसलो तर उठणार नाही."

मुलगी शाळेतून आली तेव्हा तो स्वयंपाकघरात फरशीवर बसला होता. मागच्या दाराला कडी. मांडीवर बटण्या. पैलवानाने त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"बाबा! काय झालं?"

त्याने सांगितलं. सुरुवात गल्लीपासून केली, पण मग झाडू आला, चटई आली, आणि एकदा पाझर फुटल्यावर जिन्याचं वळणही आलं. मुलगी हसेल म्हणून तो थांबला. ती हसली नाही.

"म्हणजे तुम्ही बटण्यालाही घाबरता?"

"हो."

"अजून?"

"आत्ता या क्षणी."

"मग मांडीवर कशाला घेतलाय?"

"खाली ठेवायला हात उचलवत नाहीये," पैलवान म्हणाला.

बायको आली तेव्हा मुलीनेच सगळं सांगितलं. बायको आधी चिडली. "इतकी वर्षं संसार केला आपण! एका शब्दाने सांगता आलं नाही? आज ते पिल्लू जिवाला मुकलं असतं." मग ती त्याच्या शेजारी फरशीवर बसली, सवयीने त्याची नाडी धरली आणि जरा वेळाने खालच्या आवाजात म्हणाली, "देऊन टाकू या का परत? खरं सांगा."

मुलगी श्वास रोखून उभी राहिली.

"नको," पैलवान म्हणाला. "तिकडे गेलं तरी हे आता भीतच राहणार. इथे निदान सोबतीला मी आहे."

पण त्या सकाळने सगळं शिकवलेलं धुऊन नेलं. सुट्टीच्या दिवशी शहाण्यासारखा वागणारा बटण्या आता मागच्या दाराचा उंबरा ओलांडेना. पातेलं पडलं की जागच्या जागी शू. दार आपटलं की शू. अंगणात ठेवलं तर पोट जमिनीला घासत, शेपटी आत घालून घराकडे पळायचा. बायकोचा धीर सुटत चालला.

"एवढा मोठा झालास, लाज नाही वाटत?" ती एकदा ओरडली, आणि बटण्या टेबलाखाली गेला, मागे ओली रेघ ठेवून.

"ओरडू नकोस त्याला," पैलवान म्हणाला. त्याचा आवाज इतका कडक होता की तिने वळून पाहिलं. "त्याला कळतंय सगळं. अंग ऐकत नाही त्याचं. मुद्दाम करतोय का तो?"

तिने फडकं घेतलं, आणि पैलवानाने ते तिच्या हातातून काढून स्वतः पुसलं.

फाटकाखाली त्याने जाड फळी ठोकली. रोज सकाळी तो मागचं दार उघडायचा आणि उंबऱ्यावरच बसायचा. बटण्या त्याच्या मागे, शर्टाचं टोक तोंडात धरून. बाहेर जायची दोघांनाही घाई नव्हती. सुतारखान्यात पिवळी भुंकली की दोघंही एकदम दचकायचे. पिल्लाला उचलताना पैलवानाची बोटं अजूनही आखडायची. तरी तो उचलायचा. आधी पायरीपर्यंत. मग कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खांबापर्यंत. चार पावलं पुढे गेली की एखादा मोटारीचा हॉर्न त्यांना परत उंबऱ्यावर आणून बसवायचा. असे किती दिवस गेले ते त्याने मोजले नाहीत.

एका सकाळी ते कुंपणापाशी पोहोचले. पैलवानाने त्याला खाली ठेवलं आणि जवळ उभा राहिला. बटण्याने जमीन हुंगली. एक गोल फेरी घेतली, दुसरी घेतली. तेवढ्यात पिवळी भुंकली, अगदी फाटकाच्या पलीकडून. बटण्या झेप घेऊन पैलवानाच्या दोन पायांच्या मध्ये शिरला. पैलवानाचे केस उभे राहिले. घराचं दार पाठीमागे उघडं होतं. त्याने दातावर दात दाबले आणि तो तिथेच उभा राहिला. भुंकणं थांबलं, नखांचा आवाज गल्लीतून लांब गेला. पायांमधून आधी नाक बाहेर आलं, मग कान. बटण्या दोन पावलं पुढे गेला, गवतात बसला, आणि त्याने सगळं काम नीट उरकलं.

"शाब्बास," पैलवान म्हणाला, आणि तिथेच गवतात मटकन खाली बसला.

त्यानंतरही चटई कधीमधी ओली व्हायची, पण आठवडे गेले तसं ते थांबलं. बटण्या वाढला, पैलवानाच्या गुडघ्यापर्यंत आला. त्याला आता मोठ्या कुत्र्याचा आवाज फुटलाय. सकाळी कुणी बेल वाजवली की तो घसा खरवडून भुंकतो, आणि चहा पिणारा पैलवान खुर्चीतून उडतो. कुत्रं आपलंच आहे, हे ध्यानात यायला त्याला दर वेळी जरा वेळ लागतो.