पुरे म्हणणारी जागा

पंगतीत बुंदीची परात दुसऱ्यांदा फिरली तेव्हा नत्थूजींनी पत्रावळीवर हात आडवा धरला नाही.

बाकीच्यांनी धरला. पुरे झालं की पानावर हात धरायचा, वाढप्यानं तरीही चार दाणे बोटांवरून टाकायचे आणि मग दोघांनी हसायचं. प्रतापनगरातल्या त्या मांडवातही हेच चाललं होतं. नत्थूजींचा हात मात्र तोंडाकडेच जात होता.

बायकांच्या बाजूनं, कनातीच्या फटीतून, त्यांची बायको प्रयागबाई बघत होती. नवऱ्याचं जेवण बघणं हेच तिचं काम होऊन बसलं होतं. दमली होती ती. इतकी, की...

पण आधी गाठ.

गाठ नत्थूजींच्या डोक्यात निघाली, एक्क्याऐंशी साली. गांधीबागेतल्या ठोक दुकानात कापडाचे तागे उलगडून दाखवणारा वाळका माणूस, दोन पोळ्यांत उठणारा. डोकं दुखायला लागलं. मग बाजूला उभं राहिलेलं गिऱ्हाईक दिसेना. ऑपरेशन झालं, वाचले, नजरही परतली.

आणि भूक लागली.

"मेंदूच्या तळाशी चिंचोक्याएवढी जागा असते, बाई," डॉक्टर म्हणाले होते. "पोट भरलं, आता थांब, हे तिथून कळतं. अंगानं किती जाळायचं, किती चरबी साठवायची, तेही तिथूनच ठरतं. गाठ त्या जागेला चिकटलेली होती. जागाही दुखावली."

"मंग औषध?"

"नाही."

"कमी खाऊ घातलं तं?"

"घालाच. तरी वजन वाढेल, अंग आता कमी जाळतं. आणि त्यांना हावरट म्हणू नका. त्यांना खरंच भूक लागते. जेवून उठल्यावरसुद्धा."

हे ऐकायला प्रयागबाई एकटीच होती. बाकी गोतानं एवढंच पाहिलं, की माणूस मरता मरता वाचला आणि आता दणकून जेवतो. दुखण्यातून उठलेला मागून खातो म्हणजे बरा झाला, हे त्यांच्यात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. जो भेटायला येई तो काहीतरी बांधून आणी.

तिनं स्वयंपाकखोलीला कुलूप घातलं. पीठ रोजच्यापुरतं दळून आणायचं. स्वतः जेवायचं ते मोरीत, उभ्यानं, नळ सोडून, म्हणजे चावल्याचा आवाज बाहेर जायला नको. बाहेर नत्थूजी दाराला टेकून बसलेले. "थोडंसंच वं." चिडत नसत. चिडले असते तर बरं झालं असतं.

एवढं करूनही अंग सुटतच गेलं. जिजाबाई, तिची धाकटी जाऊ, चारचौघींत म्हणाली, "हे त्यायले उपाशी ठेवते, अन् ते फुगून राह्यले. हवा खातेत का वं?"

दसऱ्याला शेजाऱ्यांकडे घास अडकला. काळेनिळे पडलेल्या नत्थूजींना रिक्षात घालून नेलं. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं.

म्हणून या लग्नाला ती नको म्हणत होती. पण नवरी पुष्पलता ही धाकट्या दिराची, मारोतरावाची मुलगी. तो स्वतः घ्यायला आला. "दादा पंगतीत नाई बसला तं लोक मले काय म्हनतीन, वैनी?"

आता परात मारोतरावाच्याच हातात होती.

"घ्या दादा, लाजू नका. इथं वैनीचं कुलूप नाई."

पंगत हसली. नत्थूजीही हसले, भरल्या तोंडानं. ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. तांब्या. पुन्हा घास.

प्रयागबाई उठली. पुरुषांच्या पंगतीत बाया वाढायलाही शिरत नव्हत्या. ती उष्टं चुकवत दोन ओळींच्या मधून गेली, नवऱ्यासमोर खाली बसली आणि त्याच्या पानावर आपला हात धरला.

"हे काय करून राह्यल्या वैनी?"

"त्यायचं झालं, भाऊजी."

"त्यायले बोलू द्या ना."

"ते नाई सांगू शकत. तेवढं डाक्टरच्या चाकूत गेलं. मी सांगतो."

मारोतराव परात घेऊन पुढच्या पानाकडे सरकला.

नत्थूजी तिच्या हाताकडे बघत होते. चेहऱ्यावर भूक जशीच्या तशी.

"झालं का माहं?"

"झालं."

"पोट भरलं?"

"भरलं."

त्यांनी थोडा विचार केला. "तू म्हनते तं भरलं असंन."

उठून जाता येत नव्हतं. पंगत उठल्याशिवाय कुणी उठत नाही, आणि शेजारचे आज सावकाश जेवत होते, एकेक दाणा टिपत. प्रयागबाईचा खांदा भरून आला. तिनं दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला. मागचा भात अजून यायचा होता.