उरले ते दोनच शब्द

माही बायको प्रमिला म्हनजे मोहगावातलं कोर्ट. सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसली का गल्लीतून जानाऱ्या हरेकाचा निकाल. याचा पोट्टा नालायक, त्याची सून आळशी. अन् शेवटी तिचा ठरलेला शिक्का, "लाज नाही." मी नगर पंचायतीत नळ सोडायच्या कामावर होतो. घरात मात्र माही तोटी कधी उघडलीच नाही.

सगळ्यात जास्त राग समोरच्या मोनालीवर. नवरा वारला अन् पोट्टी सौंसरले कपड्याच्या दुकानात लागली. स्कुटीवर जाते, गुलाबी ड्रेस घालते, फोनवर हासते. हासते म्हनजे काय बाप्पा, गुन्हाच झाला न! नवरा वर्षभर अंथरुनावर होता, तवा ती किती हासली हे कोनं विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात पांढुर्ण्याहून प्रवीण नावाचा मानूस मोनालीले पाहाले आला, बहिनीले घेऊन. संत्र्याच्या गाडीवर ड्रायव्हर, त्याचीही बायको वारलेली. सोयरीक करायची तं लोक शेजारीपाजारी चौकशी करतेतच. तो नेमका आमच्याच दारात आला. प्रमिलानं चहा पाजला अन् मोनालीचा निकालही लावला. प्रवीण मंग परत आलाच नाही.

हिवाळ्यात प्रमिलाले लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलनं गेलं. नागपूरचे डॉक्टर म्हनले, कधी कधी सवयीचे एक-दोन शब्दच उरतेत. उरले कोनते? पानी पाहिजे तं "लाज नाही." दुखलं तं "लाज नाही." पोरगा अंकुश नाशिकहून आला तं त्याले पाहून रडली, अन् म्हनली तेच. मले पहिले हासू आलं, मंग मी न्हानीत जाऊन रडलो.

मले तिले भरवता येईना. घास नरड्यात अटके. एक दिवस तिचा ठसका ऐकून मोनाली धावत आली. नवऱ्याले भरवून तिचा हात बसलेला. तवापासून दुकानात जायच्या आधी रोज येते.

ती दिसली का प्रमिला काहीतरी सांगाले धडपडे, अन् तोंडातून निघे तेच. मोनाली गेली का उशीत तोंड खुपसून रडे. तिले काय सांगायचं हाये ते मले समजत होतं. तिच्या जागी मीच बोलून टाकावं म्हनून रोज ठरवो. पन भेव वाटे. खरं समजलं अन् ही पोट्टी यायची बंद झाली तं? हिच्या पोटात घास कोन घालन?

काल प्रमिलानं डाव्या हातानं चमचा दूर केला. तोच हात आपल्या छातीवर आपटला. "लाज नाही." पुन्हा आपटला. "लाज नाही." मंग खिडकीतून पांढुर्ण्याच्या रस्त्याकडे बोट दाखवलं, मोनालीकडे दाखवलं, अन् पुन्हा छातीवर.

मोनालीनं तो हात धरून खाली ठेवला.

"माहीत हाये काकू," ती म्हनली. "तुम्ही प्रवीणले काय सांगितलं ते त्यानं तवाच फोनवर मले सांगितलं होतं."

मी खाली पाहत उभा. मोनालीनं ओढनीनं प्रमिलाचं तोंड पुसलं, वरनभात पुन्हा कालवला.

"आता आ करा. मले उशीर होऊन राहिला."

प्रमिलानं आ केला.