शिवरामचं नाक आणि मी, त्याचं बसकर

मी जुन्या कपड्यांचं एक बसकर आहे आणि माझ्या अंगाला वास येतो. आधीच सांगून टाकतो, कारण माझी सगळी गोष्ट या वासावरच उभी आहे.

मित्रांनो, बसकर म्हणजे एका माणसापुरतं बसायचं अंथरूण. मला भीमाबाईने शिवलं. वरून तिच्या जुन्या साडीचा कपडा आणि आत तिच्या नवऱ्याचे, शिवरामचे, पाच फाटके निळे युनिफॉर्म. शिवराम सत्तावीस वर्षं डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत आहे. कंपनीच्या कुंपणाला लागूनच त्यांची चाळ. ते युनिफॉर्म किती वेळा धुतले असतील, पण वास हटला नाही. डांबरगोळ्या आणि कुजकी लसूण एकत्र ठेचावी तसा. शेजारच्या विमलाबाई मला ओलांडतानासुद्धा पदर नाकाला लावतात.

मला शिवायचं कारण शिवरामचं बीपी. डॉक्टरांनी गोळी दिली आणि वर सांगितलं, रोज वीस मिनिटं ध्यानाला बसा. शिवराम भडकला. ध्यान म्हणजे बसल्या जागी झोप, असं त्याचं मत. आपल्या लोकांना शिकायला सांगितलंय, लढायला सांगितलंय, डोळे मिटून बसायला कोणी सांगितलं, असं तो बायकोवरच ओरडला. भीमाबाई दर रविवारी विहारात आनापानाच्या ध्यानाला जाणारी. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली,

"लढून लढून एकशेऐंशीवर गेलात. आता जरा बसून लढा."

पहिल्या दिवशी तो माझ्यावर चार मिनिटं टिकला. त्यातली तीन मिनिटं एक डोळा घड्याळावर. आनापानात मंत्रबिंत्र काही नसतो. श्वास नाकाशी आत येतो, बाहेर जातो, तेवढंच बघायचं. शिवराम हसला. म्हणाला, हेच तर मी कंपनीत करतो, पगार घेऊन.

ते खरं होतं. शिफ्ट सुरू होताना शिवराम प्रत्येक पंपाला, पाइपच्या प्रत्येक जोडाला नाक लावत फिरायचा. कुठे गळती नाही ना, हे बघायचा. तो "ओके" म्हणाला की लाईन चालू. गळती ओळखायला अलार्म होता, पण तो सारखा वाजायचा आणि काम थांबायचं, म्हणून प्लांट सांभाळणाऱ्या प्रशांत साहेबाने दीड वर्षापूर्वी बंद करून ठेवलेला. शिवरामचं नाक मशीनपेक्षा भारी आहे, असं साहेब म्हणायचा. शिवराम हे घरी दहादा सांगायचा. ऐकून मलाही अभिमान वाटायचा. कसला मूर्ख होतो मी.

दुसऱ्या आठवड्यात त्याचा जोडीदार गुणाजी तीन नंबरच्या पंपापाशी चक्कर येऊन पडला. पिऊन आला असणार, असं साहेब म्हणाला. शिवरामला विचारलं, तर तो म्हणाला, मी नाक लावलेलं, लाईन ओके होती. झालं. त्या एका शब्दावर गुणाजीला घरी बसवलं. त्याने मुलीची शपथ घेतली, कोणी ऐकलं नाही. घरी भीमाबाई म्हणाली, अहो, गुणाजीभाऊ शिमग्याशिवाय घेत नाहीत. शिवराम म्हणाला, माझं नाक खोटं बोलत नाही.

तिसऱ्या आठवड्यात भीमाबाई गॅसवर दूध ठेवून खाली पाण्याला गेली. दूध उतू गेलं, पातेलं करपलं, अख्ख्या चाळीत वास. विमलाबाई धावत आल्या, तर शिवराम गॅसपासून दोन हातांवर, माझ्यावर, डोळे मिटून शांत. समाधीच लागली की, असं त्या चाळभर सांगत सुटल्या. विहारातही बातमी गेली. ध्यानाला शिव्या घालणारा माणूस आता कॉलर ताठ करून बसायला लागला. मन एकदम शांत झालंय, असं सांगायलाही लागला.

मग कल्याणहून त्याची लेक रचना आली. बापाचं कौतुक बघायला जवळ बसली आणि उठलीच.

"बाबा, हे उन्हात तरी टाका. कसलं घाण वास मारतंय. यावर बसून तुम्ही श्वास बघता?"

"कसला वास?"

तिला वाटलं, बाबा मस्करी करतायत. तिने मला उचलून त्याच्या नाकाला लावलं. त्याने छाती भरून श्वास घेतला. परत घेतला. मग उठून तो लसूण ठेचून आला, फिनेलची बाटली उघडली, आणि तसाच उभा राहिला. कशाचाच वास येत नव्हता.

मित्रांनो, माझ्या टाक्याटाक्यातून गार काहीतरी गेलं. मला वाटायचं, याला माझा वास खपतो कारण याची माझ्यावर माया आहे. माया कसली? त्याला मी कळतच नव्हतो. आणि दूध करपलं तेव्हा समाधी लागली नव्हती.

बाटलीचं झाकण लावता लावता शिवराम एकच शब्द बोलला. "गुणाजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पूर्ण वीस मिनिटं बसला. घड्याळाकडे बघितलं नाही. उठला आणि कंपनीत गेला.

पुढचं मी भीमाबाईकडून ऐकलं. साहेबाने केबिनचं दार लावून सांगितलं, "शिवरामदादा, रिटायरमेंटला सात महिने राहिलेत. ओके म्हणा आणि सुखाने घरी जा." शिवराम बाहेर आला आणि शिफ्ट बदलताना गेटवर उभा राहिला. सगळ्यांना सांगितलं, माझं नाक मेलंय. कधीपासून, मला माहीत नाही. माझ्या ओकेवर आत जाऊ नका. गुणाजी पिलेला नव्हता.

लोक आत गेले नाहीत. दोन दिवस लाईन बंद. तिसऱ्या दिवशी अलार्म चालू करावा लागला आणि तासाभरात तो वाजला. तीन नंबरचा पंप.

गुणाजीला परत घेतलं. शिवरामला लाईनवरून काढून गेटवर उभं केलं. प्रशांत साहेबाला काहीही झालं नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू?

रविवारी गुणाजी घरी आला. शिवरामने मला अंथरलं. गुणाजी बसला आणि त्याने नाक मुरडलं.

"वास येतो?" शिवरामने विचारलं.

"येणार नाय तर काय? आपल्या कंपनीचाच हाय."

"मग बरं आहे," शिवराम म्हणाला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. गुणाजीने त्याच्या पाठीवर एक जोरात थाप मारली. माफी मागायची राहिलेली, ती तेवढ्यात झाली.

शिवराम अजून रोज बसतो. शांती मिळाली का म्हणून विचारलं तर म्हणतो, शांती नाही, खबर मिळाली. मला मात्र तो धुऊ देत नाही. लाईनवरचा कोणीही घरी आला की पाण्याच्या आधी मला पुढे करतो.

मित्रांनो, ध्यानाला बसा नाहीतर नका बसू. पण तुमच्या घरातलं कोणी अशा कंपनीत जात असेल, तर आज त्यांच्या नाकाशी ठेचलेली लसूण धरा. हसतील, धरू देणार नाहीत, तरी धरा.

माझ्यावर आतापर्यंत अकरा जण बसून गेले. तिघांना माझा वास आला नाही.