आगाऊ फेडलेला नवस

नवस बोलताना भल्याभल्यांचा व्यापारी होतो. आमच्या कुकोचाही झाला होता.

कुको म्हणजे आमच्या इस्तापालापा वस्तीतला बॉक्सर रेफुखिओ सावालेता. बाजारात निवडुंगाच्या पानांच्या टोपल्या वाहून त्याचे खांदे तयार झाले. पहिल्या तीन लढती हरला, मग सलग सव्वीस जिंकला आणि बाविसाव्या वर्षी जगज्जेता झाला. लढतीत रिंगणाच्या त्याच्या कोपऱ्यात उभं राहून जखमांचं रक्त थांबवायचं, हे माझं काम. पुढे ओसाकात हरून जगज्जेतेपदाचा पट्टा गेला, तेव्हाही त्याच्या फुटक्या भुवईवर माझंच बोट होतं. घरी परतल्यावर तो थेट देवळात गेला. खांद्यावर क्रूस घेतलेल्या नाझारेनोच्या मूर्तीला म्हणाला, "पट्टा परत दे, माझे केस तुझे." आमच्या देवाचा टोप भक्तांच्या केसांचाच असतो.

तीन वर्षं कात्री लागली नाही. केस खांद्याखाली उतरले, लढताना वेणी घालावी लागे. लोक ओरडत, "ए बाई, नाचायला येतेस का?" कुको हसे आणि समोरच्याला नाचवी. असं करत करत एकतिसाव्या वर्षी जगज्जेतेपदाची लढत पुन्हा दारात आली.

आणि लढतीच्या सकाळी वजन नव्वद ग्रॅम जास्त भरलं! दोन तासांची मुदत मिळाली. रबरी कपडे घालून तो दोरीवर उड्या मारत राहिला. पण अंगात घामाचा थेंबही उरला नव्हता.

वस्ताद इलारिओंनी माझी पट्ट्या कापायची कात्री उचलली. "बस खाली. ओझं तुझ्या डोक्यावरच आहे."

"हात लावाल तर लढणारच नाही, वस्ताद. पट्टा आल्यावर द्यायचेत. आधी कापले तर नवस मोडला."

"आणि वजनात बसला नाहीस तर पट्टा काय टपालानं येणारे?"

कुको हलेना. घड्याळ मात्र पळत होतं. कुकोची चोना मावशी बाहेर कोंबडीचा रस्सा घेऊन बसली होती, वजन झाल्यावर त्याला पाजायला. देवाची वस्त्रं सांभाळायची सेवा तिचीच. मी तिला आत आणलं. वजनासाठी कपडे उतरवलेल्या कुकोनं घाईघाईनं टॉवेल गुंडाळला.

"लाजतोस कसला? मीच न्हाऊ घातलंय तुला. देवाला काय बोलला होतास?"

"पट्टा दे, केस घे."

"म्हणजे त्यानं पट्टा नाही दिला तर केस तुझेच? अरे गाढवा, त्या बिचाऱ्याच्या टोपाला कसर लागलीय. विंचरायला गेलं की मूठमूठ केस हातात येतात. पंधरा दिवसांवर मिरवणूक आलीय. आणि तू तीन वर्षं ही झुलपं मिरवत त्याच्यासमोर उभा राहतोस, का, तर सौदा जमेना म्हणून!"

वस्तादही खाली बघू लागले. कुको म्हणाला, "आणि केस देऊनही हरलो तर?"

"तर हरशील. त्याच्या डोक्यावर केस तरी असतील."

कुको खुर्चीवर बसला. मी कात्री चालवली, मावशीनं केस ओच्यात झेलले. पुन्हा काट्यावर चढला, तेव्हा वजन बरोबर भरलं. तिथेच उभ्या उभ्या तो रस्सा प्यायला.

संध्याकाळी अकराव्या फेरीत भुवई पुन्हा फुटली. मी कापूस दाबून धरला. तो पुटपुटला, "चेमा, आज देवाकडे मागायला काही उरलंच नाही रे. कसं हलकं वाटतंय."

"नव्वद ग्रॅमनं," मी म्हणालो. तो रक्ताळल्या तोंडानं हसला आणि उठला. पंधराव्या फेरीची घंटा झाली, तेव्हाही तो पुढेच सरकत होता. तीनपैकी दोन पंचांनी त्याचं नाव दिलं.

दुसऱ्या दिवशी देवळात मावशी टोप विणत बसली होती. भुवईला टाके घातलेला कुको दारात घुटमळला.

"आता काय मागायला आलास?"

"काही नाही."

"मग?"

"असाच आलो. बसू का?"

मावशीनं शेजारची टोपली सरकवली. "बस. हे टोक धर. नीट ताणून धर हं, ठोसे मारू नकोस."