हात नसलेले बारा गोलकीपर

भाचीने पाकीट दातांनीच फाडलं. दुकानापासून घरापर्यंत तिने धीर धरला होता तो केवळ माझ्यासमोर उघडायचं म्हणून. यंदाच्या फुटबॉल लीगमधल्या खेळाडूंची कार्डं तिच्या मामीने, म्हणजे मी केली होती आणि त्या जोरावर ती वर्गात आठवडाभर तोरा मिरवत होती.

पाच कार्डं तिने फरशीवर मांडली. एकेक उचलून पाहिलं. पाचव्याशी थबकली.

“मामी, याचे हात कुठायत?”

“कुणाचे?”

“हा गोलकीपर आहे ना? मग हात?”

मी वाकून पाहिलं. करड्या रंगावर एक गंभीर चेहरा, खांदे, छातीपर्यंतचा शर्ट आणि तिथे कार्ड संपलं. नाव गडद करड्यावर काळ्या बारीक अक्षरात, डोळे बारीक करून वाचावं असं. भाची स्वतः शाळेच्या संघात गोलमध्ये उभी राहते. तिने उरलेली चार पुन्हा उलटसुलट केली.

“पायसुद्धा कुणालाच नाहीत.” मग माझ्या तोंडाकडे पाहून घाईघाईने म्हणाली, “पण चेहरे छान आलेत हं.”

नऊ वर्षांची पोर मला सांभाळून घेत होती. तिची आई, माझी नणंद, माझ्या बाळाला खांद्यावर थोपटत उभी होती. तिला मात्र हसू आवरेना. “वहिनी, सगळे पासपोर्टच्या रांगेत उभे असल्यासारखे दिसतायत की!”

मीही हसले.

हे कसं झालं ते मला पक्कं ठाऊक होतं. बाळ पाच महिन्यांचं असताना मी छापखान्यात परत रुजू झाले, तेही अर्ध्याच दिवसासाठी. दुपारी दोनला नणंदेला तिच्या कामावर जायचं असतं, तोवर ती बाळाला बघते. दोनच्या आत मी घरी नसेन तर सगळंच कोसळतं. मालकांनी अशी सवलत आजवर कुणालाच दिली नव्हती. “हा संच नीट निघू दे, मग कायमचं बघू,” एवढंच ते म्हणाले होते.

संचात बारा संघांचे एकशे वीस खेळाडू. फोटो आले ते हरतऱ्हेचे. कुणी हवेत, कुणी चिखलात आडवा, कुणी तोंड उघडून ओरडतोय. एकेकाला न्याहाळून त्याची जागा ठरवायची तर महिना लागला असता. मी पहिल्या खेळाडूच्या चेहऱ्यावर बेतून एक चौकट केली आणि बाकीचे एकशे एकोणीस तिच्यात कोंबले. चेहरा मधोमध आला की पुढचा. गोलकीपरही त्यातच गेले. रात्र रात्र जागून डोळे असे झाले होते की समोर फुटबॉलपटू आहेत की बँकेतले कारकून, मला फरक पडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात शिरले तर आतून आवाज येत होता. लीगचे सचिव मालकांच्या टेबलावर कार्डं आपटत होते.

“तुमच्या माणसाने आमच्या गोलकीपरांचे हात छाटलेत! एकाचे नाही, बारा जणांचे! काल सरावाला आमचा एक कीपर मला विचारतो, साहेब, मला संघातून काढलंत की माझे हातच काढलेत?”

मालकांना हसायची सोय नव्हती. त्यांनी कटिंग मशीनकडे मान वळवली. तिथे पातेकाका उभे होते. कार्डं मोठ्या कागदावर वीस-वीस छापली जातात, मग काका ती कापतात. एकतीस वर्षं ते त्या पात्याखाली कागद सरकवतायत आणि दहाही बोटं शाबूत आहेत, याचा त्यांना कोण अभिमान.

“ज्याने हे केलं,” सचिव म्हणाले, “त्याचा पुढच्या संचाला हात लागता कामा नये. मुलींच्या लीगचा संच येतोय. तिथे मला असला गलथानपणा नको.”

“पातं सरकलं असेल,” काका शांतपणे म्हणाले. “माझ्याकडूनच झालं.”

मी टेबलापाशी जाऊन कार्डं पाहिली. पातं सरकलं असतं तर कार्डाची पांढरी किनार एका बाजूला जाड आणि दुसरीकडे बारीक झाली असती. टेबलावरच्या प्रत्येक कार्डाची किनार चारही बाजूंनी तंतोतंत सारखी होती. काकांनी कापलं होतं ते अचूकच. हात त्याआधी माझ्या टेबलावरच गेले होते.

खोटं का सांगू, मी गप्प राहिले. फार नाही, मालकांनी चष्मा शोधून नाकावर चढवेपर्यंत. तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढून दुपारचे दोन, नणंदेची घाई, बाळाचं हातपाय झाडत रडणं, सगळं सरकून गेलं. आणि मग काकांचं वाकून उभं राहणं दिसलं. त्या माणसाला इतकं वाकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“काकांचं काही चुकलेलं नाही,” मी म्हणाले. आवाज जरा मोठाच लागला. “किनार बघा. चौकट मी बेतली, आणि सगळ्यांना एकच लावली. हात मी कापले.”

“तू गप्प बस गं,” काका पुटपुटले.

मालकांनी भिंग काढलं. एक कार्ड, दुसरं, तिसरं. किनारीवरून भिंग फिरत राहिलं. सचिवही वाकले. त्यांना किनारीतलं काही कळत नसावं, पण मालकांचा चेहरा त्यांना वाचता आला.

“बारा गोलकीपर पुन्हा कर,” मालक अखेर म्हणाले. “जुनं कार्ड आणून देईल त्याला बदलून देऊ. शुक्रवारपर्यंत. आणि रोज अर्ध्या दिवसातच बसवायचं, तुला जास्त वेळ मिळणार नाही.”

अर्ध्या दिवसातच! म्हणजे अर्ध्या दिवसाची सवलत टिकली, हे माझ्या डोक्यात शिरायला दोन मिनिटं लागली. तोवर मालक सचिवांना चहाला घेऊन निघालेही होते. “पुढच्या संचाचं?” असं सचिवांनी दारातून विचारलेलं ऐकू आलं. “आधी हे बारा बघा, मग बोला,” मालक म्हणाले.

त्या आठवड्यात मी प्रत्येक फोटोपाशी थांबले. एक कीपर आडवा झेपावलेला, त्याचं कार्ड आडवंच केलं. दुसऱ्या कार्डावर नुसते पसरलेले पंजे आणि मागे लहानसा चेहरा. रंग करडा नाही, मैदानाचा हिरवा. नावं जाड, पांढरी.

काका गुरुवारी स्टूल ओढून शेजारी बसले. एका कीपरचे हातमोजे चौकटीत मावत नव्हते, मी ते लहान करायला निघाले.

“राहू दे की. जाऊ देत किनारीवर.”

“कापताना बोटं जातील, काका. अर्धा मिलिमीटरसुद्धा जागा नाही.”

“तुझं काम तू कर. बोटं मी सांभाळतो.”

मी मोजे तसेच ठेवले. मग न राहवून विचारलं, “तुम्ही स्वतःवर का घेतलंत हो?”

काका संगणकाच्या पडद्याकडे बघतच म्हणाले, “पहिला कागद पात्याखाली घेतला तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, या माणसांना हात नाहीत. तुला सांगायला आलो. तू टेबलावर डोकं ठेवून झोपली होतीस. गालाखाली तो माऊस.” ते हसले. “उठवावंसं वाटेना. परत गेलो आणि कापून टाकलं. म्हणजे माझंही चुकलंच ना?”

बाळ झाल्यापासून किती जणांनी मला सल्ले दिले होते. झोपू देणारे फार थोडे.

“काका, पुढच्या वेळी उठवा हं मला.”

“बघू,” ते म्हणाले आणि स्टूल उचलून मशीनकडे गेले. त्या ‘बघू’वरूनच कळलं, नाही उठवणार.