एकतिसावा डबा

वनमालानं एकतिसावा डबा उघडला आणि आत घड्याळ निघालं.

लष्कर भागातल्या एका कोचिंगच्या मुलींच्या हॉस्टेलला ती डबे द्यायची. भांडं रिकामं परत करू नये, हे तिथं शिवपुरीहून शिकायला आलेल्या गरिमाला तिनंच शिकवलं होतं. पोर ते गमतीनं पाळायची. कधी डब्यात वेलदोडा, कधी टॉफी. आज डबा लख्ख घासलेला, आणि आत दहावीला पहिली आली म्हणून आजोबांनी दिलेलं घड्याळ. सोबत चिठ्ठी : ‘मावशी, ये आप रखना. भाजी छान होती.’

किती मोठ्या मनाची पोर, असं ओठांवर आलं, पण ते न बोलता तिनं पिठाच्या हातानं घड्याळ मुठीत घट्ट धरलं.

आठ वर्षांपूर्वी ती असंच बोलली होती. केदारनं जिवापाड जपलेली बॅट शेजारच्या पोराला देऊन टाकली, तेव्हा. माझा पोरगा दिलदार म्हणून गल्लीभर मिरवली होती. चार दिवसांनी केदारनं जीव दिला. लोक म्हणाले, आधी कुणाला काय कळणार! खोटं. कळत होतं. ऐकायचं कुणाला नव्हतं.

ती तशीच निघाली.

दारात वॉर्डन, सोनिका मॅडम. “टेस्ट का हफ्ता है, मावशी. ऊपर कोई नहीं जाएगा.”

“गरिमाला एकदा बघू द्या.”

“अरे, सब नाटक है. रैंक गिरी है, दो दिन रोएगी, बस.”

“माझा रडलाच नाही,” वनमाला म्हणाली आणि तिला बाजूला सारून जिना चढली.

खोलीत वह्यांचे गठ्ठे बांधलेले. भिंतीवरचं वेळापत्रक काढलेलं. गरिमा हसली. ते हसू वनमालाच्या ओळखीचं होतं.

“मावशी! घड्याळ मिळालं ना?”

वनमाला तिच्याजवळ बसली. “गरिमा, मरायचं मनात आहे का तुझ्या?”

“क्या बक रही हो!” मागून मॅडम ओरडल्या.

पोरीनं मोकळ्या मनगटावरून हात फिरवला. मग म्हणाली, “हो. किसीने पूछा ही नहीं, मावशी.”

वनमालानं घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं आणि तो हात धरूनच तिच्या बापाला फोन लावला.

“अहो ताई, पेपर तरी होऊ द्या,” तो म्हणाला.

“पेपरला कुणाला बसवाल, हेमेंद्रजी? आत्ता निघा. नुसती घरी नेऊ नका, मनाच्या डॉक्टरकडे न्या. तुम्ही येईपर्यंत मी हलत नाही.”

ती हलली नाही. दिवेलागणीला बाप आला.

दुसऱ्या दिवशी हॉस्टेलनं वनमालाचे डबे बंद केले. वातावरण बिघडवते म्हणे!

मग एकच डबा जात राहिला, दवाखान्यात भरती केलेल्या गरिमाला. उष्टा, न घासलेला परत यायचा. दहाव्या दिवशी वरणाच्या डागाशेजारी एक वेलदोडा होता.

हॉस्टेलचे उरलेले तीस डबे आता दुसरा कुणी देतो. संध्याकाळी वनमाला फाटकाबाहेर उभी राहून बघते. तो परत आलेले डबे न उघडताच पोत्यात भरतो.